शेवळं, करांदे आणि कोरे रकाने : एका वाडीवरच्या प्रकल्प नोंदी

२८ मे २०२४

ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही नव्यानं लिहायचं काम आजपासून माझ्याकडे आलं. जुनी वही आहे. हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा जागोजागी ज्या घाईनं वह्या भरल्या गेल्या, ती घाई हिच्याही पानापानावर दिसते. सागापुढे ‘लाकूड’, तुळशीपुढे ‘औषधी’, आणि आमच्या डोंगरात कधी कुणी न पाहिलेलं चंदन. जैवविविधता कायदा २००२ चा, त्याचे नियम २००४ चे. गावाला आपल्या रानाबद्दल जे ठाऊक आहे ते गावानंच लिहून ठेवावं, एवढी साधी कल्पना होती.

माझ्या वाट्याला मुरूड तालुक्यातली डोंगराकडेची एक कातकरवाडी आली आहे. तिसेक घरं. वाडीचं नाव इथे लिहीत नाही. का ते पुढे येईल.

छापील नमुन्याचा मथळा ‘पर्जन्यवनातील आदिवासींचा वनस्पती-वापर’ असा आहे. सरांना विचारलं, आपल्या रानाला पर्जन्यवन म्हणायचं का? ते नुसते हसले. फणसाडच्या अंगाचं हे रान मिश्र आहे. जंजिऱ्याच्या नवाबाच्या काळी शिकारीसाठी राखलेलं, १९८६ पासून अभयारण्य, सुमारे ५४ चौरस किलोमीटर. माथ्यावर ऐन, किंजळ, साग. उन्हाळ्यात निम्मं उघडं पडतं. ओढ्यांच्या घळीत मात्र बारमाही हिरवं, आणि तिथे गारंबीचे मांडीएवढे जाड वेल, त्यांना दोन-दोन हात लांब शेंगा. पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडांनीही काढायचे आणि माणसांनीही. मथळा आहे तसा ठेवला. त्यावर भांडून वेळ घालवण्यात अर्थ नाही.

रकाने पाच : स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, वापरला जाणारा भाग, उपयोग, हंगाम.

७ जून २०२४

वळवाच्या दोन सरी होऊन गेल्या. पहाटे साडेपाचला आजीबरोबर निघाले. ती अख्ख्या वाडीची आजी आहे. पंच्याहत्तरीची असावी, चालते माझ्या पुढे. मी वही काढली तर म्हणाली, “लिव मागनं. आधी वाक.”

वाकल्यावर शेवळं दिसली. पान यायच्या आधी जमिनीतून नुसता दांडा वर येतो, जांभळट-तपकिरी आवरणात गुंडाळलेला. उभ्यानं बघितलं तर पाचोळ्यात दिसतच नाही. आजी दांडा बुडाशी खुडते, उपटत नाही. कंद खाली राहिला पाहिजे. एका जागी सात-आठ असतील तर दोन-तीन सोडून पुढे सरकते. का सोडलीस म्हणून विचारलं नाही, कारण एका सोडलेल्या दांड्याला मी हात घातला तेव्हा माझ्या मनगटावर चापटच बसली.

टोपली अर्धी भरली तशी म्हणाली, चल काकडाला. ही काकडं म्हणजे भाजीतली काकडी नव्हे. काकड हे रानातलं मोठं झाड, त्याची हिरवी, आंबट, गोटीएवढी फळं. वाडीच्या वरचं जुनं काकडाचं झाड ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मुळासकट पडलं. त्या दिवशी वाडीवरचं एकही छप्पर जागेवर राहिलं नव्हतं. लोक पत्र्यांबद्दल बोलतात तेवढंच त्या झाडाबद्दलही बोलतात. आता काकडासाठी पलीकडच्या सोंडेवर जावं लागतं, चढ धरून पाऊण तास.

घरी आल्यावर कृती पाहिली. बाहेरचं आवरण काढायचं. दांड्याच्या बुडाचा पिवळा दाणेदार भाग खरवडून टाकायचा, तो पोटात गेला तर घसा धरतो. बाकीचं बारीक चिरायचं. काकडं ठेचून त्यांचं पाणी पिळायचं आणि त्यात शेवळं शिजवायची. आंबट नसेल तर शेवळं खाऊच नयेत. दोन्ही वस्तू एकाच पंधरवड्यात येतात, म्हणून बाजारातही शेवळाच्या जुडीबरोबर मूठभर काकडं मिळतातच. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांतून या भाजीसाठी लोक जूनची वाट बघतात. खुडणारी कोण, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल.

८ जून २०२४

काल आजीनं दिलेली शेवळं घरी केली. काकडांत कंजुषी केली. घशात रात्रभर सुया. सर म्हणाले, खरोखरच्या सुयाच आहेत त्या, कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक.

आता वहीचा प्रश्न. नावं अकारविल्हे लावायची आहेत. ‘काकड’ येतं पान ४ वर, ‘शेवळ’ पान ३१ वर. मध्ये सगळा डोंगर. आजीच्या हिशेबी ती एकच वस्तू आहे.

२४ जून २०२४

मुरूडच्या बाजारात वाडीच्या बायकांशेजारी बसून दिवस काढला. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, दिंडा. वाटा वीस रुपयांना. गावातल्या बायका घासाघीस करतात. पर्यटक घासाघीस करत नाहीत, घेतही नाहीत, फोटो काढून जातात.

हंगामाच्या रकान्यात मी सगळ्यांपुढे ‘पावसाळा’ लिहीत होते. आजीच्या सुनेनं ते खोडायला लावलं. टाकळा पहिले पंधरा-वीस दिवस, कोवळा असेपर्यंत. मग तो गुरंही खात नाहीत. फोडशी फुलावर आली की चिवट. भारंगी मात्र पाण्यात उकळून, पिळून कडूपणा घालवला की पुढेही चालते, आणि तिची फुलं वेगळी मिळतात. करटोलीला अजून अवकाश आहे.

करटोलीवरून एक गंमत. येताना बांधावर वेल दिसला, नुसती पिवळी फुलं, फळ एक नाही. मी म्हटलं, हा वांझ दिसतो. वाडीवरची मामी म्हणाली, “त्यो नवरा हाय. त्यो तोडला तर बाकीच्या धरायच्या न्हाईत.” करटोलीत नर वेल आणि मादी वेल वेगळे असतात हे मी बारावीला शिकवलं आहे. बांधावर ओळखता आलं नाही.

१५ जुलै २०२४

चार दिवस झोडपून पाऊस. वाडीवरच्या काकांच्या घरात अडकले आणि आजवरचं सगळ्यात चांगलं काम झालं.

घरच एक वही आहे. भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून माती आणि शेण. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलली की मरते, म्हणजे त्या साली काठ्यांना तोटा नाही. कारवी विटेसारखी तापत नाही आणि पाणी शिरलं तर वाळते, असं काकांचं म्हणणं. शासनाच्या योजनेतलं सिमेंटचं घर त्यांना मिळालं आहे. त्यात गोणी आणि सायकल आहे. माणसं इकडे.

कुडाच्या काठ्या केवणीच्या दोरानं बांधलेल्या. केवणीच्या फांद्या पाण्यात कुजत घालायच्या, साल सोलून धुवायची, मग मांडीवर वळायची. काका बोलत बोलत वळत होते. दीड तासात तीन वाव दोर झाला. हीच केवण म्हणजे बाळगुटीतली मुरुडशेंग. शेंग पिळलेल्या दोरासारखीच दिसते आणि पोटातल्या मुरड्यावर उगाळून देतात. रायगडातल्या किती आयांना माहीत असेल की गुटीतली शेंग आणि बैलाचं दावं एकाच झुडपाचं? शेजारी टांगलेली पांढऱ्या कुड्याची साल आवेवर. तिचा वास घेतला तरी तोंड कडू होतं.

चुलीवरच्या माळ्याला एक इरलं टांगलेलं होतं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पळसाची पानं दडपलेली. मी लिहिलं : ‘इरलं, आता वापरात नाही.’ काका वाचू शकत नाहीत, पण मी काय लिहिलं हे त्यांनी विचारलं आणि मग चिडले. “लावणीला वाकून बघा एकदा.” वाकलं की इरलं पाठीवर बसतं, दोन्ही हात मोकळे राहतात, आतून घाम सुटत नाही. प्लास्टिकचा कागद वाऱ्यानं उडतो आणि आत माणूस उकडतो. मग इरली का नाहीत? विणायला दोन दिवस जातात आणि प्लास्टिक ऐंशी रुपयांना मिळतं. चुलीवर टांगायचं कारण धूर. धुरानं कामट्यांना भुंगा लागत नाही. नोंद दुरुस्त केली : ‘एक आहे, वापरात आहे.’

संध्याकाळी खैराचा विषय निघाला. कातकरी हे नावच काथावरून पडलं. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यात उकळायच्या, ते पाणी आटवून घट्ट करायचं, गार झालं की वड्या. काकांच्या आजोबांनी हे केलेलं, काकांनी फक्त ऐकलेलं. जंगलाचे कायदे आले, खैर तोडणं गुन्हा झाला आणि जमातीचा धंदा तिच्या नावात तेवढा उरला. ‘खैर’पुढे उपयोग काय लिहू विचारलं तर काका म्हणाले, “आता? सरपण बी न्हाय. दिसला की लांबनं जातो आमी.” तेच लिहिलं.

९ ऑगस्ट २०२४

नागपंचमी आणि आदिवासी दिन एकाच दिवशी. तालुक्याला रानभाज्यांचं प्रदर्शन, भाषणं. एका वक्त्यानं चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाची, २५ सप्टेंबर १९३० ला गोळीबारात पडलेल्या नाग्या कातकऱ्याची आठवण काढली, तेव्हा मागे बसलेली पोरं एकदम सरळ बसली. बाकी फारसं काही नाही. वाडीच्या टाकळ्याला प्रशस्तिपत्र मिळालं. ते ठेवायला कोरडी जागा नाही म्हणून माझ्याकडे आहे.

२१ ऑगस्ट २०२४

काल रात्री एका पोराला विंचू चावला, लाल. मी वाडीवरच होते. त्याच्या आईनं एक पाला वाटून दंशावर लावला, तोवर काकांनी रिक्षा बोलावली. पोर घामानं निथळत होतं. ग्रामीण रुग्णालयात प्राझोसिनची गोळी दिली; पहाटेपर्यंत धोका टळला. लाल विंचवाच्या दंशावर ही रक्तदाबाची गोळी चालते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. त्याआधी कोकणात विंचवानं माणसं मरत.

सकाळी आजीला थोडं चाचरत विचारलं, पाल्याचं काय लिहू? तिला राग आला नाही. “गोळी दिली ती बरी केली. पाला लावला म्हून पोर रिक्षात गप बसलं.” मी हे वाक्य जसंच्या तसं ‘उपयोग’मध्ये घातलं आहे. वर लाल शाईनं ‘दंश झाल्यास आधी दवाखाना’ असंही. विंचू, साप आणि कावीळ या तिन्हींना मी हेच करणार. झाडपाल्याला मान द्यायचा म्हणून कुणाचा जीव टांगणीला लावायचा नाही.

१२ सप्टेंबर २०२४

गणपतीच्या सुट्टीत सरांकडे. त्यांनी केरळच्या काणी लोकांची गोष्ट सांगितली. ती इथे टाचून ठेवते, कारण वहीचं पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

अगस्त्यमलैच्या पर्जन्यवनात १९८७ मध्ये शास्त्रज्ञांची एक तुकडी हिंडत होती. चढावर सगळे दमले, वाटाडे काणी मात्र ताजेतवाने. ते मधून मधून एक लहानसं फळ तोंडात टाकत होते. आधी सांगायला तयार नव्हते, मग सांगितलं : आरोग्यपच्चा. त्या वनस्पतीवरून तिरुवनंतपुरमच्या वनस्पती संशोधन संस्थेनं ‘जीवनी’ नावाचं औषध तयार केलं, नव्वदीच्या दशकात एका आयुर्वेदिक कारखान्याला परवाना दिला, आणि परवान्याच्या रकमेतला व स्वामित्वधनातला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरवलं. त्यासाठी १९९७ मध्ये काणींचा न्यास झाला. जगभर या उदाहरणाचं कौतुक झालं. पण घोळही झालेच : पानं तोडायला वनखात्याची परवानगी, आणि वाटाघाटीत सगळे काणी सामील नव्हते म्हणून आपसांत नाराजी.

एवढं तरी तिथे झालं. आपल्या नरक्याचं बघा, सर म्हणाले. सह्याद्रीतलं साधं झाड. त्यात कॅम्पटोथेसिन आहे, ज्याच्यापासून कर्करोगावरची औषधं होतात, हे कळल्यावर कोकणातून पोत्यांनी चोरून गेलं. डोंगर उघडे पडले आणि ओळखून देणाऱ्यांना मिळाली रोजंदारी.

आणखी एक पेच. जैवविविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनं मान्य ग्रंथांत आलेल्या पारंपरिक ज्ञानाला लाभवाटपातून सूट दिली आहे. गुळवेल ग्रंथांत आहे, म्हणजे तिच्यावर वाडीचा दावा जवळपास नाहीच. शहापूरकडच्या कातकऱ्यांनी गुळवेल गोळा करून कंपन्यांना विकली ती मालाच्या आणि मेहनतीच्या जोरावर. ज्ञानाचा वाटा मागता येईल तो फक्त तोंडी असलेल्या गोष्टींवर. त्याच मी लिहून काढायला निघाले आहे.

३ ऑक्टोबर २०२४

समाजमंदिरात बैठक. पन्नासेक माणसं, त्यात बायका जास्त. काणींची आणि नरक्याची गोष्ट सांगितली, मग विचारलं, काय लिहू आणि काय नको?

मला वाटलं होतं चर्चा लांबेल. अर्ध्या तासात मिटली. खायच्या भाज्या, दोर, कुड, गुटी : लिवा, सगळ्यांनाच ठावं हाय. मासे धुंद करायला गेळाचं फळ ठेचून डोहात टाकतात, तेही लिवा, उभ्या कोकणाला माहीत आहे. पण त्यासाठीच वापरतात ती दुसरी साल नको. ती सांगितली तर बाहेरची पोरं ओढाच्या ओढा मारतील. आपण एक डोह धरतो आणि पाणी वाहतं झालं की सोडतो. विंचवाचा पाला नको. बाळंतिणीचं एक मूळ नको, ते थोड्याच जागी उरलंय. चौथी गोष्ट काय होती ते बायकांनी मला सांगितलंच नाही, फक्त एक ओळ कोरी ठेवायला सांगितली.

एका तरुणाचा मुद्दा मला सगळ्यात टोकदार वाटला : वही पंचायतीच्या कपाटात राहणार, कपाटाची किल्ली आमच्यापैकी कुणाकडे नाही. मग ‘लोक’ कुठे? ठराव झाला : एक प्रत वाडीवर, आणि वहीत वाडीचं नाव न घालता फक्त पंचायतीचं.

२६ ऑक्टोबर २०२४

वीटभट्टीचा मुकादम येऊन गेला. दिवाळीनंतर टेंपो. उचल आधीच घेतलेली, त्यातली निम्मी पावसाळ्यातल्या आजारपणात गेली. बावीस घरं वीटभट्टीवर जाणार, मे अखेरपर्यंत.

कार्यालयाचं पत्र : ३१ डिसेंबरपर्यंत सर्व कुटुंबांच्या संमती-सह्या हव्यात. ज्यांनी हे वेळापत्रक केलं त्यांनी कॅलेंडर पाहिलं, वाडी पाहिली नाही. दोन रात्री जागून अंगठे घेतले. सात घरं राहिली.

३ डिसेंबर २०२४

काल देवदिवाळी झाली. वाडीवर म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि कोंबड्या.

आजीबरोबर करांदे काढले, म्हणजे रानवेलाला लागणारे कंद. गोडे करांदे साधेच; उकडून मीठ लावून खायचे. कडू करांद्याला दोन दिवस द्यावे लागतात : पातळ काचऱ्या, राखेच्या पाण्यात उकळायच्या, मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात. टोपलीवर दगड. सकाळी आजीनं एक काचरी जिभेवर ठेवून थुंकली, “आजून हाय,” आणि टोपली परत पाण्यात. तिसऱ्या खेपेला गिळली. मोजमाप एवढंच. मी राखेचं प्रमाण विचारत होते, ओंजळीत किती, कुठल्या लाकडाची. ती जिभेकडे बोट दाखवत होती.

वेलावरचे करांदे तोडून झाले की खालचा कंद उकरला, तर वरची मुंडी कापून त्याच खड्ड्यात परत ठेवते आणि पायानं माती दाबते. शेवळाला दोन-तीन सोडणं, करटोलीचा नवरा राखणं, करांद्याची मुंडी पुरणं. सहा महिन्यांत पानोपानी हे आलं आहे आणि पाच रकान्यांत त्याला जागा नाही. आज पट्टी घेऊन ‘उपयोग’च्या शेजारी सहावा रकाना आखला. मथळा आजीच्या भाषेत : ‘मागं काय ठेवायचं’. कार्यालय काय म्हणेल ते म्हणो.

१६ फेब्रुवारी २०२५

सात सह्यांसाठी भट्टीवर. धूळ, भुशाचा धूर, कच्च्या विटांच्या रांगा. मामी विटा उलटवत होती. झोपडी विटा रचून केलेली, वर काळं प्लास्टिक. अंगठे पाच मिनिटांत झाले. निघताना तिनं झोपडीमागं नेलं. नाल्याच्या कडेला, मालकाच्या कुंपणाला लागून गुळवेल चढवली होती, वाडीवरून आणलेला तुकडा. खाली वितभर केवण. “पोराच्या पोटाला लागली तर?” म्हणाली. हे रोप कोणत्या पंचायतीच्या वहीत लिहायचं, सरांना विचारायला हवं.

२ एप्रिल २०२५

वही दाखल. एकशे अठरा नोंदी, चार कोऱ्या ओळी. छाननीत कोऱ्या ओळींवर शेरा आला : ‘अपूर्ण, पूर्तता करावी.’ ठरावाची प्रत जोडून परत पाठवली. सहाव्या रकान्याबद्दल कुणी काही बोललं नाही; बहुधा तिथवर पाहिलंच नाही.

२९ मे २०२५

पाऊस २५ तारखेलाच कोकणात उतरला, दुसऱ्या दिवशी मुंबईत; मेमध्ये असा पाऊस आजीनंही पाहिलेला नाही. भट्टीवर कच्च्या विटांचा चिखल झाला. मालक म्हणतो नुकसान झालं, हिशेब पंधरा दिवसांनी. बावीस घरं तिथेच अडकली आहेत.

शेवळं कुणासाठी थांबत नाहीत. आज सकाळी आजीबरोबर गेले. बरीचशी आवरणं उघडून गेलेली, काहींना माश्या लागलेल्या. खुडायजोगी अकरा मिळाली. सोंडेवरच्या काकडापर्यंत आजीला चढवलं नाही, वाट निसरडी झाली आहे. मी एकटी जाऊन ओटीभर काकडं आणली.

अकरातली चार तिनं सोडली. उरलेली सात घरी आणून सोलली, आणि पिवळा भाग खरवडायला सुरी माझ्या हातात दिली. मी बराच वेळ खरवडत होते. तिनं एक दांडा उचलून उजेडात धरला आणि परत माझ्यापुढे ठेवला. अजून होतं.